ब्लोअरची घरघर पुन्हा पुन्हा का परतते? वस्तीलगतच्या कारखान्यातील आवाजाचा मागोवा

समस्या अशी आहे. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील, म्हणजे ईटीपीमधील, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरविरुद्ध समोरच्या इमारतीतून रात्रीच्या आवाजाची तक्रार येते. काही उपाय केला जातो, मीटरवरचा आकडा उतरतो, दोन-तीन महिने शांततेत जातात आणि मग तीच माणसे तीच तक्रार घेऊन पुन्हा फाटकाशी येतात. व्यवस्थापनाला वाटते की रहिवासी हट्टाला पेटले आहेत, तर रहिवाशांना वाटते की कारखाना डोळ्यांत धूळ फेकतो आहे. मी देखभाल विभागात काम करतो आणि अशा एका प्रकरणात जवळजवळ दीड वर्ष अडकलो होतो. त्या काळात आमच्याकडून ज्या क्रमाने चुका झाल्या, त्याच क्रमाने हे लिहीत आहे, कारण पुढे ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांपैकी बहुतेकांच्या चुकांचाही क्रम तोच निघाला.

डोंबिवली, भोसरी, अंबड, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींच्या कडेला घरे आणि यंत्रे आता एकमेकांच्या दारात आली आहेत. डोंबिवलीत तर एमआयडीसीच्या हद्दीतच निवासी विभाग आहे. आमचा कारखानाही अशाच एका वसाहतीच्या टोकाला होता. ब्लोअरपासून सात मजली इमारतीच्या खिडक्या ६० मीटरवर होत्या आणि मध्ये एक रस्ता होता. ब्लोअर रूट्स जातीचा, म्हणजे उलट दिशांना फिरणाऱ्या दोन पाकळीदार रोटरांनी हवा ढकलणारा, दोन पाकळ्यांचा होता, बेल्टवर चालत होता आणि मिनिटाला १५०० फेरे घेत होता.

पहिला उपाय सगळेच करतात तो आम्हीही केला. ब्लोअरभोवती पत्र्याचे दुहेरी आवरण उभारून मध्ये ५० मिलीमीटर ग्लासवूल भरले. फाटकाजवळ दुपारी घेतलेली नोंद ९ डेसिबलने खाली आली. अहवाल तयार झाला, छायाचित्रे जोडली गेली आणि आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की काहीही फरक पडलेला नाही. आम्ही तो निरोप मनावर घेतला नाही, ही पहिली खरी चूक होती, कारण ते रहिवासी अक्षरशः खरे सांगत होते.

त्यांचे म्हणणे खरे का होते, हे साध्या गणिताने दाखवता येते. दोन पाकळ्यांचे दोन रोटर असलेला रूट्स ब्लोअर प्रत्येक फेऱ्यात हवेचे चार ठोके देतो. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५, आणि चार ठोक्यांनी गुणले की १०० हर्ट्झ. रहिवासी जी घरघर सांगत होते ती ही होती. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. इतक्या लांब तरंगाला ५० मिलीमीटर ग्लासवूल जाणवतसुद्धा नाही, कारण शोषक थर प्रभावी ठरायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास लागते आणि येथे तो हिस्सा ८५ सेंटीमीटर होतो. आवरणामुळे बेल्टचा आणि मोटरच्या पंख्याचा कर्कश आवाज थांबला, मीटरने तेवढेच टिपले आणि घरघर होती तशीच राहिली. त्यात ब्लोअरचा हवा ओढण्याचा फिल्टर, जिथून हे ठोके सर्वाधिक बाहेर पडतात, तो आवरणाच्या बाहेरच होता. आजही कोणाच्या आवरणाची पाहणी करायला गेलो तर मी आधी फिल्टर कुठे आहे ते पाहतो आणि मग दाराला वीट लावून ते उघडे ठेवले आहे का ते पाहतो. दार बहुधा उघडेच असते, कारण आत वारा खेळवण्याची सोय कोणी केलेली नसते, ब्लोअर तापतो आणि रात्रपाळीचा ऑपरेटर यंत्र वाचवण्यासाठी त्याला सुचेल ते करतो. आवरणाच्या क्षेत्रफळापैकी १० टक्के भाग उघडा राहिला तर भिंती कितीही भारी असल्या तरी एकूण घट १० डेसिबलच्या पुढे जात नाही. १ टक्का फट राहिली तर ही मर्यादा २० डेसिबलवर येते.

मीटर आणि कान यांचे पटत का नाही

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल अशी मानके आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे ए-भारित आणि ठरावीक काळातील सरासरीचे आहेत. ए-भार म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालच्या स्वरांना वजावट देणारी चाळणी, आणि १०० हर्ट्झला ही वजावट १९ डेसिबलची आहे. आता आमचा अंदाज पाहा. त्या स्वराची ध्वनिशक्ती पातळी १०० डेसिबल धरली आणि यंत्र जमिनीवर उभे असल्यामुळे ध्वनी अर्धगोलात पसरतो असे मानले, तर ६० मीटरवरची पातळी काढताना १०० मधून अंतराच्या लॉगॅरिदमची २० पट, म्हणजे ३५.६, आणि वर आणखी ८ वजा करायचे. उत्तर ५६ येते. प्रत्यक्ष मोजणीत, पुढे सांगितलेली भिंत उभारण्यापूर्वी, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर याच पट्ट्यात ५७ मिळाले होते. पण ए-भार लावला की ५६ चे ३७ होतात, म्हणजे रात्रीच्या ४५ च्या मानकाखाली आरामात बसतात. याउलट शांत खोलीत १०० हर्ट्झचा स्वर माणसाला सुमारे २७ डेसिबलपासून ऐकू येऊ लागतो. उघड्या खिडकीतून १० डेसिबल कमी झाले तरी खोलीत ४६ उरतात, जे ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा १९ ने अधिक आहे. कारखाना नियमात आणि रहिवाशाची झोप मोडलेली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती.

आपल्या नियमांतील तक्त्यात ठळक स्वरासाठी वेगळी भर नाही. आयएसओ १९९६ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा स्वरासाठी मोजलेल्या आकड्यात ३ ते ६ डेसिबल मिळवण्याची सोय आहे, आणि ब्रिटिश मानक बीएस ४१४२ तर मुळात यंत्राच्या आवाजाची तुलना त्या जागेच्या पार्श्वभूमीशी, म्हणजे यंत्र बंद असतानाच्या आवाजाशी, करते. माझे मत असे झाले आहे की नियमाचे पालन सिद्ध करण्यासाठी आपले मानक वापरावे, पण तक्रार सोडवण्यासाठी पार्श्वभूमीची तुलना वापरावी. पहिल्याने नोटिशीला उत्तर देता येते, दुसऱ्याने माणसाला झोप लागते.

मोजणी कुठे करायची, यावरही आम्ही बरेच महिने घालवले. खोलीत मोजायला गेलेल्या सहकाऱ्याला काहीच सापडले नाही, आणि त्याच खोलीत पलंगावर बसल्यावर मला घरघर स्वच्छ ऐकू आली. खोलीची लांबी ३.४ मीटर होती, म्हणजे बरोबर एक तरंगलांबी. अशा खोलीत तो स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभा राहतो, भिंतींलगत आणि मधोमध जोर धरतो आणि दोन्ही भिंतींपासून ८५ सेंटीमीटरवर जवळजवळ नाहीसा होतो. सहकारी मीटर घेऊन भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे नेमका त्या मुक्या जागी, उभा होता आणि तक्रारदाराची उशी भिंतीला टेकलेली होती. तेव्हापासून खोलीतली मोजणी मी मीटर सावकाश फिरवत करतो आणि कोपऱ्यातली नोंद वेगळी लिहितो.

भिंत उभारण्याआधी करायचा हिशेब

दुसरा उपाय भिंतीचा होता. ब्लोअरपासून ५ मीटरवर ३ मीटर उंच विटांची भिंत बांधण्याचा निर्णय बैठकीत झाला आणि त्या बैठकीत कोणीही कागदावर रेघ ओढली नाही. भिंतीमुळे किती फरक पडेल हे ध्वनीला भिंतीवरून जाताना किती जादा अंतर कापावे लागते यावर आणि त्या जादा अंतराच्या तरंगलांबीशी असलेल्या प्रमाणावर ठरते. फिल्टर जमिनीपासून दीड मीटरवर आणि तिसऱ्या मजल्याची खिडकी साडेदहा मीटरवर धरली तर हे जादा अंतर जेमतेम ६ सेंटीमीटर निघते. ३.४ मीटरच्या तरंगाला ६ सेंटीमीटरचा वळसा म्हणजे काहीच नाही. आवाज अडवणाऱ्या भिंतींसाठी वापरल्या जाणाऱ्या माएकावा यांच्या सूत्राच्या प्रचलित रूपाने घट पावणेसहा डेसिबल येते. तळमजल्यावर १००० हर्ट्झला हीच भिंत १५ डेसिबल देते. सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचले की फिल्टर, भिंतीचा माथा आणि खिडकी एका सरळ रेषेत येतात, आणि सातव्या मजल्यावरून फिल्टर उघड्या डोळ्यांनी दिसतो. भिंत पूर्ण झाल्यावर तळमजल्यावरच्या दुकानदारांनी आभार मानले आणि तिसऱ्या व पाचव्या मजल्यावरच्या तक्रारी चालू राहिल्या. हा हिशेब करायला वीस मिनिटे लागतात. भिंतीला सात आठवडे लागले होते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आवाजाचा अंदाज बांधण्यासाठी संगणकीय प्रणाली आहेत आणि त्या आयएसओ ९६१३ च्या दुसऱ्या भागातील रीतीने काम करतात. त्या रीतीत वारा यंत्राकडून घराकडे वाहतो आहे किंवा जमिनीलगत तापमानाची सौम्य उलटी रचना आहे, असे ध्वनीला अनुकूल हवामान गृहीत धरलेले असते. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, खालचा हवेचा थर गार आणि वरचा त्यापेक्षा उबदार राहतो, आणि एरवी आकाशाकडे वळणारा ध्वनी पुन्हा खाली वाकतो. शिवाय रात्री रस्ता ओस पडून पार्श्वभूमी उतरते. दुपारी घेतलेल्या नोंदीवरून हिवाळ्यातल्या पहाटेचा निर्णय करणे म्हणजे उन्हाळ्यात नदी पाहून पुलाची उंची ठरवण्यासारखे आहे.

तिसरा उपाय पहिल्यांदा उगमाशी गेला. आम्ही हवा ओढण्याच्या नळीला एका टोकाने बंद असलेली ८५ सेंटीमीटरची शाखानळी बसवली. अशी नळी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी असली की तिच्या बंद टोकावरून परतणारा तरंग मूळ ठोक्याला नेमक्या उलट अवस्थेत भेटतो आणि तो स्वर बराचसा विझतो. भिंतीनंतर ५२ वर आलेली पातळी या नळीने ४० पर्यंत उतरली. तक्रारी थांबल्या. सोसायटीच्या सचिवांनी चहाला बोलावले. ऑगस्ट ते नोव्हेंबर एकही फोन आला नाही.

डिसेंबरमध्ये परत आलेला आवाज

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार परत आली, आणि यावेळी तिच्यात एक नवीन तपशील होता. पाचव्या मजल्यावरच्या एका आजींनी सांगितले, "पूर्वी जात्यासारखी एकसारखी घरघर होती, आता आवाज झोके घेतो." आमच्यातील काहींनी हे कल्पनेचे खेळ म्हणून सोडून दिले आणि हवामानाकडे बोट दाखवले. हवामानाचा वाटा होताच, पण हवामानामुळे आवाज ठरावीक लयीत झोके घेत नाही. एकसारखे झोके ऐकू येतात तेव्हा जवळजवळ सारख्या वारंवारतेचे दोन स्वर एकत्र वाजत असतात आणि झोक्यांचा वेग त्या दोघांतील फरकाएवढा असतो.

मी आजींच्या खिडकीत बसून घड्याळ लावून झोके मोजले. दीड सेकंदाला एक झोका होता, म्हणजे दोन स्वरांत सुमारे पाऊण हर्ट्झपेक्षा थोडा कमी फरक. लॉगबुकात मात्र एकच ब्लोअर चालू आणि दुसरा राखीव अशी नोंद होती. आवाजातील वारंवारता वेगवेगळ्या दाखवणाऱ्या मोबाइलमधील स्पेक्ट्रमच्या ॲपने सर्वांत मोठ्या स्वराचे टोक १०० ऐवजी ११३ हर्ट्झवर दाखवले. मोबाइलचा मायक्रोफोन डेसिबलच्या आकड्यासाठी भरवशाचा नाही, पण वारंवारता तो ठीक सांगतो आणि रोगनिदानासाठी तेवढे पुरते. ११३ ला ६० ने गुणून ४ ने भागले की मिनिटाला जवळजवळ १७०० फेरे येतात. रात्री १ वाजता ईटीपीत जाऊन फेरे मोजणारा टॅकोमीटर लावला तेव्हा एक ब्लोअर १७०० आणि दुसरा १६९० फेऱ्यांनी फिरत होता. दहा फेऱ्यांचा फरक, चार ठोके, भागिले ६० सेकंद: ०.६७ हर्ट्झ. आजींचे कान आमच्या लॉगबुकापेक्षा अचूक निघाले.

दोन्ही ब्लोअरच्या पुल्या नोव्हेंबरच्या अखेरीस बदलल्या होत्या. टाकीतील पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी पडत होता, विशेषतः संध्याकाळच्या पाळीतील धुलाईचे पाणी आल्यानंतर, म्हणून ऑपरेटरने वेग वाढवण्याची मागणी केली, पुल्या बदलल्या गेल्या आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा रात्री राखीव ब्लोअरही सुरू होऊ लागला. पुली बदलण्याच्या कामाचा कागद रीतसर होता, त्यावर सही होती आणि ती सही माझ्याच विभागातील होती. वेग बदलला की स्वर बदलतो आणि स्वर बदलला की १०० हर्ट्झसाठी कापलेली नळी शोभेची वस्तू होते, हे त्या कागदाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. तिसऱ्या मजल्यावर पातळी पुन्हा ५४ झाली होती.

आता सोपा मार्ग होता: नळी कापून ७५ सेंटीमीटरची करायची. काही मिनिटे आम्ही तोच विचार करत होतो. पण नेहमीपेक्षा जास्त हवा का लागते आहे, हा प्रश्न कोणीतरी विचारला आणि मग मागोवा आवाजापासून निघून टाकीच्या तळाशी पोहोचला. हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्युझरच्या रबरी पडद्यांची छिद्रे क्षारांनी आणि शेवाळी थराने बुजली होती, तर काही पडदे फाटले होते. बुजलेल्या पडद्यांमुळे नळीतील दाब वाढला होता आणि रूट्स ब्लोअरचा आवाज दाबाबरोबर वाढतो. फाटलेल्या पडद्यांतून मोठे बुडबुडे सरळ वर निघून जात होते आणि त्यांतून पाण्यात फारसा प्राणवायू उतरत नव्हता. ऑपरेटरची मागणी वाजवी होती. हवा दिली जात होती, ती पाण्याला मिळत नव्हती.

पडदे बदलले आणि धुतले, जुन्या पुल्या परत बसवल्या, राखीव ब्लोअर पुन्हा राखीव झाला. पातळी ३९ वर आली, तीही थंडी संपायच्या आत. विजेच्या बिलात जी घट झाली ती हिशेब विभागाच्या डोळ्यांत भरली आणि आवाजासाठी कधीही न मिळालेले लक्ष या कामाला त्यामुळे मिळाले, ही माझ्या मते आपल्याकडील कामाची खरी रीत आहे.

दुसऱ्या कोणाला हाच त्रास असेल तर

तक्रार आल्यावर आधी उपायाची चर्चा करू नये. रहिवाशाला तारीख, वेळ, खोली, खिडकी उघडी होती की बंद आणि आवाज त्याच्या शब्दांत कसा वाटला, एवढे पंधरा दिवस लिहायला सांगावे. "शिट्टी", "घरघर", "ठकठक", "झोके" हे शब्द यंत्र ओळखायला मीटरइतकेच उपयोगी पडतात. मग रात्री दोनच्या सुमारास एकेक यंत्र पाच-पाच मिनिटे बंद करावे आणि घरात बसलेल्या माणसाने फोनवर सांगावे की काय गेले. या चाचणीला परवानगी मिळवणे हेच सर्वांत अवघड काम असते, कारण रात्री यंत्र बंद करायला कोणीही सही करत नाही. परवानगी मिळाली की यंत्र बंद असतानाची पार्श्वभूमीही टिपून घ्यावी. यंत्रासह नोंद पार्श्वभूमीपेक्षा १० डेसिबलने वर असेल तर दुरुस्ती अर्ध्या डेसिबलची असते. फरक ३ असेल तर यंत्राचा आवाज आणि पार्श्वभूमी सारखेच मोठे असतात आणि त्या नोंदीवर काहीही बांधू नये.

स्वर ओळखण्यासाठी काही आकडे पाठ असावेत. ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे नेहमी १०० हर्ट्झला गुणगुणतो, कारण वीज ५० हर्ट्झची आहे. दोन पाकळ्यांचा १५०० फेऱ्यांचा ब्लोअरही १०० लाच वाजतो, आणि आमच्याकडे पहिले दोन आठवडे ट्रान्सफॉर्मरवर आळ होता. तीन पाकळ्यांचा ब्लोअर प्रत्येक फेऱ्यात सहा ठोके देतो, ते सौम्य असतात आणि स्वरही वर जातो, म्हणून नवीन खरेदीत तोच घ्यावा. पंख्याचा स्वर पाती गुणिले सेकंदाचे फेरे इतका. कूलिंग टॉवरच्या पंख्याचा वेग रात्री व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या विद्युत उपकरणाने, निम्मा केला तर पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, पडणाऱ्या पाण्याचा मात्र उतरत नाही. व्हीएफडीवर चालणाऱ्या ब्लोअरला ठरावीक स्वराची शाखानळी बसवू नये. त्याला अनेक कप्प्यांचा, रुंद पट्ट्यात काम करणारा सायलेन्सर लागतो आणि तो हवा ओढण्याच्या व सोडण्याच्या अशा दोन्ही बाजूंना लागतो. डिझेल जनरेटरचा प्रश्न तुलनेने सुटलेला आहे, कारण १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या संचांना आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा उत्पादकालाच पाळावी लागते.

भिंतीतून किंवा जमिनीतून आवाज जात असेल तर हवेतले सर्व उपाय वाया जातात. नळी भिंतीला पकडलेल्या क्लॅम्पवर हात ठेवून पाहावा. क्लॅम्प थरथरत असेल तर अख्खी भिंत लाउडस्पीकरसारखी काम करते. नळीत रबरी बेलो, म्हणजे लवचीक जोड, आणि यंत्राखाली असे पाय हवेत की यंत्रासह त्यांची स्वतःची वारंवारता यंत्राच्या फेऱ्यांच्या वारंवारतेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी राहील. २५ हर्ट्झच्या यंत्राला ८ हर्ट्झचे पाय म्हणजे वजनाखाली सुमारे ४ मिलीमीटर दबणारे पाय. दुकानातून आणलेली रबराची चकती बहुधा इतकी दबत नाही.

आमच्याकडे आता दोन्ही ब्लोअरच्या बेल्टगार्डवर पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली आहे. तीवर कमाल १५०० फेरे, नळीची लांबी ८५ सेंटीमीटर आणि हवेच्या दाबाची ती मर्यादा लिहिली आहे जिच्या पुढे गेल्यास पुलीला हात लावण्याआधी डिफ्युझर तपासायचे. पुली बदलण्याच्या कागदावर एक रकाना वाढवला आहे, त्यात नव्या वेगाचा स्वर हर्ट्झमध्ये भरावा लागतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे आजींच्या घरचा फोन क्रमांक आहे, त्यांच्या परवानगीने. गेल्या हिवाळ्यात तो एकदाच वापरला गेला: राखीव ब्लोअर दुरुस्तीनंतर तासभर चालवून पाहायचा होता, आणि तिकडून उत्तर आले की अकराच्या आत उरकत असेल तर चालवा.